सुकलेल्या काचेतला उजेड

भित्र्या माणसाच्या हातून काच फुटत नाही. बाटलीमामा सव्वीस वर्षं एका मोठ्या हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत काचेची भांडी धूत होते, आणि एवढ्या वर्षांत त्यांच्या हातून फक्त चार भांडी फुटली. चारही त्यांना पाठ होती. कोणतं, कोणत्या वर्षी, आणि तेव्हा कोण बघत होतं.

ते लिफ्टला भीत. सहीशिक्क्याच्या कागदाला भीत. दाराची बेल अवेळी वाजली तर आधी गॅस बंद करीत आणि मग दार उघडीत. बायको म्हणायची, "ज्या दिवशी तुमच्या पोटात गोळा नसेल ना, त्या दिवशी मी डॉक्टरला बोलावीन."

बाटल्या धुतात म्हणून बाटलीमामा. आयुष्यात थेंब न चाखलेल्या माणसाला हे नाव पडलं आणि चिकटलं. नवीन आलेली पोरं विचारायची,

"मामा, आज किती बाटल्या झाल्या?"

"एकशे दहा."

"आणि तरी सरळ चालता?"

मामा हसायचे. हसताना हातातलं भांडं आधी खाली ठेवायचे.

त्यांची खोली तळघरात होती. दोन खोल स्टीलची सिंकं, भिंतीवर खुंट्यांची फळी, भांडी वाळवायचा ओव्हन, डोक्याच्या उंचीवर एक आडवी खिडकी. खिडकीतून रस्त्यावरच्या माणसांचे फक्त पाय दिसत. कोपऱ्यात काळ्या कापडाचा पडदा आणि त्यामागे यूव्ही दिवा. हा दिवा मामांना जुन्या सरांनी दिला होता. त्या काळी प्रयोगशाळेत जे चमकणारे रंग वापरायचे, त्यांचा एक कण भांड्यात राहिला तरी पुढचा प्रयोग बिघडायचा. साध्या डोळ्यांना तो दिसायचा नाही, दिव्याखाली दिसायचा, पण तोही पातळ, ओला असेल तोवरच. सुकून त्याची पुटं चढली की तो विझायचा. म्हणून जुन्या सरांनी एकच वाक्य शिकवलं होतं: "ओलं असतानाच बघ. सुकलं की चोर लपतो."

मामा साबणानं धूत, पाण्यानं खळबळत, शेवटी ॲसिटोनचा एक हात देत आणि भांडं ओलं असतानाच पडद्यामागे धरीत. चमक दिसली तर पुन्हा धुणं. अंधार दिसला तर ओव्हन आणि मग कपाट. ही तपासणी त्यांच्या कामाच्या यादीत नव्हती. जुने सर निवृत्त झाले, वारले, नवे सर आले, पण मामांनी ती सोडली नाही, कारण सोडायची त्यांना भीती वाटायची. वरच्या मजल्यावर तिची शपथेसारखी किंमत झाली होती. कुणी शंका काढली की दुसरा म्हणे, "मामांच्या कपाटातली काच आहे. पुढे बोल."

तीन महिन्यांपूर्वी नवी पावडर आली.

ती बनवणाऱ्यांमध्ये एक अठ्ठावीस-तीस वर्षांची मुलगी होती. मामा तिला ताई म्हणत आणि ती चालता चालता बिस्किटं खाई. एक दिवस ती दोन नळ्या घेऊन खाली आली. "मामा, गंमत दाखवते." एका नळीत ती पावडर ॲसिटोनमध्ये विरघळवलेली होती. दिव्याखाली धरली तर काहीच नाही, नुसतं पाणी असावं तसं. मग तिनं त्यात पिचकारीनं खरंच पाणी सोडलं. आतलं द्रव दुधासारखं गढुळलं आणि एकदम पिवळ्या-हिरव्या उजेडानं पेटलं.

मामा मागे झाले.

"घाबरलात?"

"नाही. सरकलो."

ताईनं समजावलं. पावडरचा एकेक कण मोकळा असला की नुसता गरगरत राहतो, त्याचा सगळा जोर गरगरण्यात जातो. पाणी घातलं की कण एकमेकांना चिकटतात, गर्दी होते, हलायला जागा उरत नाही, आणि तोच जोर उजेड होऊन बाहेर पडतो. "जुन्या रंगांच्या बरोब्बर उलटं, मामा. ते गर्दीत विझायचे, हे गर्दीत पेटतं." ही पावडर कॅन्सरच्या पेशींना शोधून त्यांच्याभोवती गोळा होते. डॉक्टरांनी गाठ काढली की कडेचा एक पातळ तुकडा इथं येणार. कड चमकली तर आजार आत राहिलाय, नाही चमकली तर सुटका. पुढं कधीतरी त्या पेशींवर उजेड टाकून हीच पावडर त्यांना जागच्या जागी मारू शकेल, ते काम अजून शेजारच्या खोलीत, काचेतल्या पेशींवरच चाललं होतं.

मामांनी सगळं ऐकलं. त्यांना गर्दीतली माणसं आठवली. ते स्वतः गर्दीतही विझत आणि एकटेही. पण जे आठवायला हवं होतं ते काही आठवलं नाही. ताईलाही नाही. ती नळ्या सिंकमध्ये ठेवून वर गेली आणि मामांनी त्या धुतल्या, ॲसिटोननं खळबळल्या, ओल्या असतानाच दिव्याखाली धरल्या. अंधार होता. कपाटात ठेवल्या.

एका पेशंट बाईंची आणि मामांची भेट जिन्यात झाली. मामा धुतलेल्या काचेच्या चपट्या डिशचा ट्रे घेऊन वर चालले होते. समोरून पन्नाशीची एक धिप्पाड बाई उतरत होती, मागे एक बारीक नवरा.

"अहो भाऊ, वरच्या ऑफिसला जायचं तर आम्हाला खाली का पाठवलंय?"

आवाज जिना भरून उरला. बोलणं मात्र तिरकं येत होतं, जिभेवर नुकतेच टाके पडून गेल्यासारखं. मामांनी भिंतीला पाठ लावून ट्रे सावरला आणि रस्ता सांगितला.

"घाऊक भाजीबाजारात लिलाव पुकारते मी," बाई म्हणाली. कुणी विचारलं नव्हतं. "तीस वर्षं. सकाळी चार तास सलग. आणि हे आमचे मालक. हे बोलत नाहीत. घरात एकाच जिभेवर दोघांचं भागतं."

नवऱ्यानं मान हलवली. नेहमीचं असावं.

"गाठ काढली. आता म्हणतात कडा बघू. चमकल्या तर अजून कापू."

"किती?" मामांच्या तोंडून निघून गेलं.

"बघू कितीला सुटते ते. भाव पडलाय माझा सध्या." ती हसली आणि हसता हसता गालाला हात लावून थांबली. दुखलं असावं.

शुक्रवारी तिच्या जिभेच्या कडेचे तीन तुकडे आले. ताईनं मामांच्या कपाटातून तीन डिश मागितल्या. मामांनी दुसऱ्या खणातल्या दिल्या. आतापर्यंत पावडरचे निकाल नुसते ताडून बघायला होते. डॉक्टर आपल्या नेहमीच्या तपासण्यांवरच चालत. पण या वेळी त्या तपासणीत एक डॉक्टर म्हणाला कड साफ आहे, दुसरा म्हणाला सांगता येत नाही. म्हणून पहिल्यांदाच निर्णय पावडरवर आला. मंगळवारी ताई चहाचा कप घेऊन खाली आली, तेव्हा तिच्या हातात बिस्किट नव्हतं.

"ती लिलाववाली बाई, मामा. तिन्ही तुकडे कडेनं सगळे चमकले. गुरुवारी अकराला ऑपरेशन. अर्धी जीभ जाणार."

मामांनी नळ बंद केला. "मग बोलणं?"

"बोलणं म्हणजे..." ताईनं कप सिंकच्या कडेला ठेवला.

बुधवारी दुपारी मामा एक डिश ॲसिटोनमध्ये खळबळून पडद्यामागे बघत होते. अंधार. तेवढ्यात बाहेर ट्रॉली अडकली म्हणून कुणी हाक मारली. मामा डिश दिव्याखालीच ठेवून गेले. दहा मिनिटांनी परतले आणि पडदा सारला.

डिशच्या तळाला उजेडाचं कडं होतं. पिवळं-हिरवं, केसाएवढं बारीक. अंधारात कुणी एक डोळा किलकिला केला असावा तसं.

दिव्याचं प्रतिबिंब असेल म्हणून त्यांनी डिश फिरवली. कडं डिशबरोबर फिरलं. त्यांनी त्यावर ॲसिटोनचे चार थेंब टाकले. कडं विझलं. ते उभे राहिले. फुंकर घातली. ॲसिटोन उडत गेलं तसं कडं काठाकडून आत उमटत आलं. पुन्हा थेंब, पुन्हा अंधार, पुन्हा उजेड. हे तिसऱ्यांदा झालं. त्यांनी सिंकच्या कडेला कंबर टेकवली.

आपण ओलं बघत होतो. ही पावडर ॲसिटोनच्या ओलीत लपते.

आणखी एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली. ॲसिटोन जपून वापरायचं म्हणून तेच ते सहा-सहा डिशना फिरवत होतो. म्हणजे एकीतला चोर आपणच साही घरांत पोचवला. आणि त्या घरांत नंतर पाणी पडलं, बाईच्या जिभेचा तुकडा पडला. पाण्यात चोर एकमेकांना चिकटले आणि कडेला जाऊन बसले. चमकली ती जीभ की डिश?

खिडकीतून पायांची एक जोडी गेली. मामांना वाटलं ती थांबली. थांबली नव्हती.

मग त्यांनी जे केलं ते त्यांना स्वतःला कधीच नीट सांगता आलं नाही. त्यांनी ती डिश ब्रशनं घासली. तीव्र साबणात घातली, ताज्या ॲसिटोननं तीनदा, पुन्हा ब्रशनं, सुकवून पाहिली, पुन्हा घासली. शेवटी ओली असतानाही अंधार आणि सुकल्यावरही अंधार. तेव्हा कुठं त्यांचा श्वास खाली बसला. आणि श्वास बसल्याबरोबर कळलं की आपण पुरावा धुऊन टाकला.

वर जायला दोन मजले होते. मामा पाच वाजेपर्यंत गेले नाहीत. पाचला घरी गेले.

बायको पडद्यांच्या कडा शिवत बसली होती. मामांनी चहा ठेवला, उतरवला, गॅसचं बटण बंद आहे का बघितलं, बाहेर आले, पुन्हा आत जाऊन बघितलं.

"काय झालंय?"

"काही नाही."

"काही नाही म्हणायला तुम्हाला एवढा वेळ लागत नाही."

मामांनी सांगितलं. सुरुवातीला उभ्यानं, मग बसून. ती शिवण मांडीवर ठेवून ऐकत राहिली.

"कुणाला बोललात?"

"तुला."

"आणि ती डिश?"

"धुतली."

तिनं मांडीवरची शिवण पुन्हा हातात घेतली. मग हळू आवाजात म्हणाली, "मग झाकली मूठ आहे. तुम्हाला तरी कुठं नक्की माहितीय? एका डिशमध्ये दिसलं. त्या बाईच्या तीन डिश कशा होत्या कुणी बघितलंय? तुमच्या मनात चांदणं पडलंय, बाकी काही नाही. उगाच मोठ्या डॉक्टरांसमोर उभं राहायचं आणि दोन वर्षं राहिलेली नोकरी घालवायची."

मामांना हे ऐकायचं होतं. ऐकल्यावर त्यांना आणखी भीती वाटली.

"कशी आहे बाई?" तिनं विचारलं.

"कशी म्हणजे? लिलाव पुकारते. भांडल्यासारखं बोलते. नवरा तोंड उघडत नाही. म्हणाली, घरात एकाच जिभेवर दोघांचं भागतं."

बायको फसकन हसली. मामाही ओढल्यासारखे हसले. मग ती हसायची थांबली. सुईत दोरा नव्हता तरी तिनं सुई कापडात घातली आणि काढली.

"आत्ता मी हसले ते तिच्या बोलण्याला ना?"

"हो."

"मग जा. मला आणखी काही विचारू नका, मी तुमच्याइतकीच भित्री आहे."

मामांनी ताईचा नंबर लावला. पलीकडे वाजायच्या आत बंद केला. असं चारदा झालं. पाचव्यांदा बायकोनं फोन काढून घेतला आणि म्हणाली, "सकाळी तोंडानं सांगा. फोनवर तुम्ही फक्त हॅलो म्हणाल."

सकाळी साडेसातपासून मामा प्रयोगशाळेच्या दाराशी उभे होते. सव्वाआठला ताई आली. त्यांनी तिला बॅगही खाली ठेवू दिली नाही. सगळं एका दमात बोलून टाकलं.

"डिश दाखवा."

"धुतली."

"का?"

"भ्यालो."

ताईनं त्यांच्याकडे बघितलं. रागानं नाही, हिशोब चुकल्यावर माणूस आकड्याकडे बघतो तसं. "मामा, अकराला ऑपरेशन आहे. मी सरांना काय सांगू? की मामांना वाटतंय?"

मग तिलाच सुचलं. "कपाट."

मामांनी खिडकीला पोतं लावलं. ताईनं लांब वायर जोडून दिवा आणला. कपाटाच्या कडीवर हात ठेवून मामा थांबले. एकही डिश चमकू नये असं त्यांना वाटत होतं. मग आपण फक्त एक घाबरलेला म्हातारा ठरू, आणि तसे तर आपण आहोतच. आणि त्याच वेळी, निदान एक तरी चमकावी.

त्यांनी दार उघडलं.

वरचा खण काळा होता. दुसऱ्या खणात उजेडाची कडी होती. एक, तीन, मग इतकी की मोजता येईनात. पूर्ण, अर्धी, नखाच्या कोरीएवढी. तिसऱ्या खणातही. सव्वीस वर्षं ज्या कपाटाकडे पाठ करून ते निर्धास्त काम करत होते, ते कपाट त्यांच्याकडे बघत होतं. मामांनी दिव्याची वायर ओढून उजेड पुन्हा दुसऱ्या खणावर आणला.

ताई खाली फरशीवर बसली. "मी दर सोमवारी रिकामी डिश तपासत होते. दर सोमवारी. वरच्या खणातली, हाताला पहिली लागायची ती."

"वरच्या खणात नव्या असतात," मामा म्हणाले. "न वापरलेल्या."

"मी तुम्हाला सांगायला हवं होतं, की ही सुकल्यावर बघा."

"तुम्ही सांगितलं होतं. नळ्या आणल्या होत्या ना. मी दुसरंच काही ऐकत होतो."

ताई उठून पळतच वर गेली. सर आले तेव्हा नऊ वाजून गेले होते. ते कपाटासमोर उभे राहिले. त्यांच्या तीन महिन्यांच्या कामाचे सगळे निकाल याच कपाटातून गेले होते. त्यांनी एक डिश उचलली, ठेवली, दुसरी उचलली.

"दिवा बंद करा."

अंधार झाला. कुणी पोतं काढलं नाही.

"सर, अकरा वाजता..." ताई म्हणाली.

"माहितीय मला."

अंधारात सरांच्या श्वासाचा आवाज येत होता. मामांना तो आवाज ओळखीचा वाटला. आपल्यासारखाच श्वास घेणारा माणूस इतका मोठा साहेब असू शकतो हे त्यांना माहीत नव्हतं, आणि कळल्यावर धीर येण्याऐवजी त्यांची पाचावर धारण बसली. हा माणूस भ्याला तर हाही धुऊन टाकेल.

"मामा, हे आणखी कुणाला माहितीय?"

"बायकोला."

"काय म्हणाली ती?"

"जा म्हणाली."

सरांनी खिशात हात घातला. मग अंधारात त्यांच्या फोनचा पडदा उजळला. सरांचा अंगठा दोनदा चुकीच्या जागी पडला. तिसऱ्यांदा लागला. पलीकडून सर्जनचा आवाज खोलीभर ऐकू आला, आधी साधा, मग ओरडणारा. सर मध्ये मध्ये फक्त "हो" म्हणत होते. शेवटी म्हणाले, "नाही, तिला आत घेऊ नका. चूक आमच्याकडची आहे." दहाला वीस मिनिटं कमी होती.

थंड पेटीत तुकड्यांचा राहिलेला भाग होता. तो नव्या, बंद पाकिटातल्या डिशमध्ये पुन्हा तपासला. दोन दिवस लागले. ते दोन दिवस मामा वरच्या ऑफिसात स्टुलावर बसून होते. त्यांना एक कागद दिला होता, घडलं ते लिहायला. त्यांनी पहिल्या ओळीत तारीख लिहिली आणि दुसऱ्या ओळीत "मी ओलं असताना बघत होतो" असं लिहिलं. तिथंच बराच वेळ गेला.

दोन तुकडे काळे राहिले. तिसऱ्याच्या एका टोकाला, तांदळाच्या दाण्याएवढी जागा खरोखर चमकली.

मामांना ताईनं हे सांगितलं तेव्हा जीव भांड्यात पडायला हवा होता. तो पडला नाही. म्हणजे डिश खोटं बोलली होती, पण सगळं खोटं बोलली नव्हती. आजार होता. सर्जननं शनिवारी तेवढं टोक आणि भोवतीचं थोडं काढलं. अर्धी जीभ नाही. किती ते ताईला नीट माहीत नव्हतं, आणि आता बोलता येईल का, याला तिचं उत्तर होतं, "बघू."

चौकशी सुरू झाली. डिश एकदा वापरून फेकायच्या असं ठरलं. मामांचं काम निम्म्यावर आलं. कुणी त्यांना शाबासकी दिली नाही, कुणी काढूनही टाकलं नाही. जिन्यात भेटलेल्या पोरांनी बाटल्यांचा आकडा विचारला नाही, हे त्यांना फार लागलं.

बुधवारी दुपारी ते वॉर्डाच्या मजल्यावर गेले. पाच जिने, मध्ये दोनदा थांबून. दार अर्धं उघडं होतं. आत जायचं त्यांच्या मनात नव्हतं. आपण कोण म्हणून सांगायचं? भिंतीला पाठ लावून ते उभे राहिले.

आत नर्स म्हणत होती, "बोलायचं नाही सांगितलंय ना? ही पाटी घ्या आणि लिहा."

मग काहीच नाही. पाटीवर खडू घासल्याचाही आवाज नाही. मामांनी डोळे मिटले. ही शांतता किती वेळची आहे, आजची की कायमची, हे दाराबाहेरून कळायचा काही मार्ग नव्हता.

"फा..." आतून आवाज आला. जाड, ओला, तोंडात गोटी धरल्यासारखा. "फाणी. गयम हाय. गयम."

"गरम नाहीये, बाई. कोमट आहे."

"तू फी." आणि मग एक अख्खं लांब वाक्य, ज्यातला एकही शब्द मामांना कळला नाही. पण ते शिव्या घालणं होतं यात शंका नव्हती. शेजारच्या खाटेवरचं कुणीतरी हसलं. नर्सही.

आवाज थांबला. मामांनी हातांनी भिंत धरली. दुखलं असेल. टाका उसवला असेल. आपण वेळेत सांगितलं की एक दुपार आणि एक रात्र उशिरा, त्या उशिरानं काय केलं असेल.

आवाज पुन्हा सुरू झाला.

एक वॉर्डबॉय ट्रॉली ढकलत आला. "काका, कुणाकडे आलात? भेटायची वेळ चारला आहे."

"कुणाकडे नाही," मामा म्हणाले. पण ते हलले नाहीत. आतलं वाक्य अजून संपलं नव्हतं.